मूठ म्हणजे थांबा

माझ्या नोकरीतला बराचसा वेळ उलटं चालण्यात जातो. समोर दोन टनांहून जड गाडी, तिच्यात घाबरलेला माणूस (किंवा अजिबात न घाबरलेला, तो जास्त अवघड), आणि मी गाडीकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत असते. याला स्पॉटिंग म्हणतात. उंच बॉनेटमागे बसलेल्याला पुढची दोन-तीन मीटर जमीन दिसत नाही, आणि खड्या चढावर तर काचेत नुसतं आकाश असतं. तेव्हा त्याचं चाक कुठे पडणार हे मी ठरवते आणि हातांनी सांगते. ऑफ-रोड म्हणजे चिखल उडवणं असं ज्यांना वाटतं त्यांना हे काम फार कंटाळवाणं दिसेल. तासाभरात दोनशे मीटर गेलो तर आमच्या हिशेबात तो चांगला वेग असतो.

त्या दिवशी गाडी होती नवीकोरी डबल कॅब पिकअप. पिकअपवाल्यांना माझं बोलणं आवडत नाही, पण लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) गाडी खडकात नेणं म्हणजे शिडी घेऊन जिना चढणं. तोंड वळतं, पोट अडतं, आणि पोट सुटलं की शेपूट टेकते. हिचा व्हीलबेस तीन मीटरच्या वर, मागच्या चाकांमागे आणखी मीटरभर धड. हौदा रिकामा. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, माल धरून बनवलेले असतात, त्यामुळे रिकामी पिकअप चढावर मागून उड्या मारते आणि उडी मारणाऱ्या चाकाला पकड नसते. आणि ट्रेल आमच्याकडची सगळ्यात अवघड प्रतीची. तिथे मी आखूड गाड्यांनाही परत पाठवलेलं आहे.

मालक पन्नाशीचे, आमच्याकडे प्रशिक्षणाची तीन सत्रं केलेले, हात चांगला. बरोबर कॉलेजातली मुलगी. मला ते 'मॅडम' म्हणत आणि माझ्या सहकाऱ्याला 'सर'. त्यात काही नाही, पण प्रश्न नेहमी सरांना असायचा. "सर, जाईल ना आपली गाडी?" तो म्हणाला, "आरामात." मी म्हणाले, "पायरीपाशी बघू या." ठाम 'नाही' मीही म्हटलं नाही, हे इथेच सांगून टाकते.

सकाळची तयारी नेहमीचीच. टायरची हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणली. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळ्यांना वाटतं. खरं तर जमिनीवर टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि रबर दगडाच्या कंगोऱ्यावर मुडपून बसतं. फार खाली गेलो तर टायर रिममधून निसटतो, म्हणून साध्या रिमवर मी १५ च्या खाली जात नाही. मग मी गाडीखाली आडवी झाले. बऱ्याच पिकअपना पुढे कंपनीचा एक कडीसारखा हूक असतो. तो जहाजात किंवा ट्रेलरवर गाडी बांधून ठेवण्यासाठी असतो, फसलेली गाडी ओढण्यासाठी नाही. तो ओढताना तुटला की दोरीच्या टोकाला लोखंडाचा गोळा होतो. टो बॉलचंही (मागे ट्रेलर जोडायचा गोळा) तेच, त्याने माणसं मेलेली आहेत, तरी लोक पट्टा आधी तिथेच अडकवतात. या गृहस्थांना चेसिसला दोन्ही बाजूंनी ओढण्यासाठीचे पक्के रिकव्हरी पॉइंट लावून घ्यायला मी आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते लावले होते. मी प्रत्येक बोल्ट हाताने तपासत होते. त्यामुळे खुणा समजावण्याचं काम सहकाऱ्याने केलं. मला त्याचा आवाज येत होता, शब्द नाही.

पहिले दोन अडथळे मजेत गेले. तिसरा म्हणजे ती पायरी.

घळीत आडवा कातळ आहे, उंची ५५ सेंटिमीटर. मी टेपने मोजलेली आहे. त्या गाडीच्या टायरची त्रिज्या ४० सेंटिमीटरच्याही आतली. उभ्या भिंतीची उंची चाकाच्या मध्याच्या वर गेली की चाक चढत नाही, भिंतीला नुसतं ढकलत राहतं. म्हणून पायथ्याशी दगड रचायचे. दगड रचणं ही कला आहे आणि ती मला येते. मोठा खाली, लांब बाजू चाकाच्या दिशेने, फटीत चिपा ठोकून, वर उभं राहून नाचून बघायचं. अर्धा तास मी तेच केलं. पायरीला सरळ भिडायचं नाही, तिरकं जायचं, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं आणि बाकीची तीन ढकलायला मोकळी राहतात. आधी पुढचं डावं, मग स्टिअरिंग सरळ, मग उजवं. उजव्या हाताला पायरी आणि एक धोंडा यांच्यामध्ये खाच आहे. चाक तिच्यात जाऊ द्यायचं नाही, एवढंच.

मागचा लॉकर, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारं कुलूप, लावायला सांगितलं. इथे एक गोष्ट अशी आहे जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. साधं डिफरन्शियल (एका अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारी गिअरपेटी) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं, त्याला काहीच जोर लागेना, की दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य. ट्रॅक्शन कंट्रोल हवेतल्या चाकाला ब्रेक लावून ही पळवाट बंद करतं. पण काही पिकअपमध्ये मागचा लॉकर लावला की ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. या गाडीत तसंच होतं. म्हणजे मागे दोन्ही चाकं जखडलेली आणि पुढचा अ‍ॅक्सल अगदी उघडा. मला हे माहीत होतं. मागची पकड जास्त महत्त्वाची असं मी ठरवलं.

मुलीला उतरवलं, ती बाजूच्या उंचवट्यावर मोबाइल घेऊन उभी राहिली. मी वर, डावीकडे तिरकी. सहकारी मागे, त्याचं काम फक्त शेपूट बघणं. एका गाडीला एकच स्पॉटर, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. तो गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतो, पण दुसरा चालवत असताना त्याला गप्प बसवत नाही.

डावं चाक चढलं. सुरेख चढलं. मग गाडी मागून थोडी उजवीकडे घसरली आणि पुढचं उजवं चाक नेमकं खाचेत बसलं. स्टिअरिंगला डावीकडे फुल कट, म्हणजे पूर्ण वळवलेलं. मी मूठ दाखवली. थांबा. अर्धा मीटर मागे घेऊ, स्टिअरिंग सरळ करू, पुन्हा येऊ. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आणि मागून आरोळी आली, "चढतेय, दाबा!"

इंजिन गरजलं. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर आणि हळू पण ताकदीची लो रेंज, पहिल्या गिअरचा रेशो ३.६, लो रेंजचा २.५६ आणि अ‍ॅक्सलचा ३.९ यांचा गुणाकार करा, इंजिनाचा जोर ३६ पट होऊन चाकांपाशी येतो. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर त्यात आपली भर घालतो. डावं चाक नुसतं फिरत होतं तोवर उजव्याकडेही जोर फारसा जात नव्हता. मग डाव्याला अचानक पकड मिळाली, आणि तेवढाच जोर खाचेत अडकलेल्या उजव्या चाकावर गेला. फुल कटमध्ये सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही जोर पोचवणारा सांधा, सगळ्यात जास्त वाकलेला असतो आणि सगळ्यात दुबळा असतो. 'टक्' असा आवाज झाला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. ज्यांनी तो एकदा ऐकलाय त्यांना विचारायला लागत नाही काय गेलं.

गाडी अर्धा मीटर मागे आली. मागचं उजवं चाक खाली घसरलं, शेपूट खडकावर टेकली, पुढचं डावं चाक हवेत. मालकांनी ब्रेक सोडला नाही, हे त्यांच्या बाजूने नक्की लिहायला हवं. नंतर मी मोबाइलवर कोन मोजला तर २७ अंश, उजवीकडे, आणि चालकाची सीटही उजवीकडेच. म्हणजे गाडी कलंडली असती तर त्यांच्या बाजूवर.

पुढचे ३ तास २० मिनिटं मला अभिमानाने सांगाविशी वाटतात. आधी सगळ्या टेकलेल्या चाकांना दगड. मग चेसिसच्या वरच्या बाजूने पट्टा झाडाला, गाडी कलंडू नये म्हणून. तो ताणला गेल्यावरच मालकांना बाहेर काढलं, गिअरवरून रांगत डाव्या दाराने. त्याआधी ते दोनदा म्हणाले, "मॅडम, मी उतरतो." दोनदा मी नाही म्हणाले. दार उघडून माणूस उतरला की वजन हलतं.

माझी गाडी वरच्या सपाटीवर उभी होती. विंच (ड्रमवर दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र) ९५०० पाउंडाचा, म्हणजे ४३०० किलो. पण हा आकडा ड्रमवर दोरीचा एकच थर असतानाचा. ड्रम भरलेला असेल तर ताकद बरीच उतरते. म्हणून स्नॅच ब्लॉक: दोरी पिकअपच्या कप्पीतून फिरवून परत वर, रुंद पट्ट्याने दुसऱ्या झाडाला. ओढ दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दोरी जास्त सुटते, ड्रमवर थर कमी उरतात, तोही फायदा. कप्पी ज्या शॅकलला (लोखंडी कडीला) लटकते तिच्यावर मात्र दोरीच्या दुप्पट ताण येतो, म्हणून दोन्ही रिकव्हरी पॉइंटमध्ये जोडपट्टा टाकून भार वाटला. दोरीवर जाड जॅकेट टाकलं. सगळे लांब. मग एका वेळी हातभर ओढायचं, थांबायचं, चाकांमागचे दगड पुढे सारायचे, कलंडू न देणारा पट्टा सैल करून पुन्हा आवळायचा. हे सगळं सहकाऱ्याने आणि मी एकही शब्द न बोलता केलं. काम त्याने उत्तम केलं. तो एरवीही वाईट माणूस नाही.

वर आल्यावर पुढच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवला आणि नुसत्या मागच्या चाकांवर, लो रेंजमध्ये, बाहेर पडण्याच्या साध्या वाटेने गाडी नेली.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. रागात लिहिला, पण स्वच्छ लिहिला: स्पॉटरने हात वर करून थांबण्याची खूण केली असताना दुसऱ्या प्रशिक्षकाने तोंडी सूचना दिली व चालकाने ती पाळली. मनात वेगळंच वाक्य होतं. मॅडमची मूठ आणि सरांची आरोळी, यांत आरोळी जिंकली. या क्षेत्रात मी ते इतक्यांदा पाहिलंय की मला पुरावा नको होता.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला, मोडलेल्या हाफ शाफ्टबद्दल (तो सीव्ही जॉइंट ज्या दांड्यावर असतो तो). बोलता बोलता मी विचारलंच. "माझी मूठ दिसली होती का तुम्हाला?" म्हणाले, "दिसली ना. मला वाटलं, घट्ट धरा म्हणताय. म्हणून स्टिअरिंग आवळून धरलं आणि दाबलं." मी विचारलं, "आणि सरांनी ओरडलेलं?" ते म्हणाले, "काचा वर होत्या, एसी चालू. मला नाही ऐकू आलं."

काचा खाली ठेवायला सांगणं हेही सकाळच्या सूचनांमध्ये असतं. त्याने सांगितलं का, माहीत नाही. मी ऐकत नव्हते, आणि पायरीपाशी समोर उभी असूनही मी ते पाहिलं नाही.

मग मी मुलीकडून व्हिडिओ मागवला. तिने लगेच पाठवला, "ताई, तुमचं विंचिंग भारी होतं," असं लिहून. तो मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. इंजिनाचा आवाज आधी चढतो. आरोळी त्यानंतर येते, सेकंदभराने. त्याने गाडी हललेली पाहिली आणि मग तो ओरडला. मला मात्र आजही ते उलट क्रमानेच आठवतं.

आणि मूठ. मी विद्यार्थ्यांना सांगते, थांबायची खूण खांद्याच्या वर, हात शरीरापासून दूर, चालकाने मान डोलावेपर्यंत खाली आणायची नाही. व्हिडिओत माझ्या डाव्या हातात वॉकी-टॉकी आहे आणि उजवी मूठ छातीपाशी. तपकिरी हातमोजा, तपकिरी जॅकेट. माहीत असूनही मला ती पहिल्यांदा दिसलीच नाही.

सहकाऱ्याला समज मिळाली आहे. तो माझ्याशी बोलतो, पण कामापुरतं. व्हिडिओबद्दल त्याला अजून माहीत नाही. अहवालात 'हात वर करून' असे शब्द आहेत, आणि खाली माझी सही.