कार्नेगीला बाईक घेऊन जाताय? कोळशाची खाण तिथे बघायला मिळत नाही

आधी मुख्य गोष्ट सांगतो, कारण आम्हाला ती कोणीच सांगितली नाही. कॅलिफोर्नियात ट्रेसीजवळच्या कार्नेगीच्या ऑफरोड पार्कातून, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर बाईक चालवायच्या सरकारी पार्कातून, बाईकने जुन्या कोळशाच्या खाणीपर्यंत जाता येत नाही. आमच्या बे एरियाच्या ग्रुपवर एकाने छातीठोक लिहिलं होतं की वरच्या ट्रेलने गेलात की खाणीच्या जुन्या टेस्ला गावाचे अवशेष दिसतात, म्हणून आम्ही तिघं डब्लिनहून पहाटे निघालो, दोन बाईक स्वतःच्या आणि एक भाड्याची. गेटवर रेंजरबाईंनी नकाशावर बोट ठेवलं, म्हणाल्या पश्चिमेकडची ती सगळी जमीन बाईकला बंद. मला खरंच राग आला, कारण मी मुळात खाणीसाठीच आलो होतो.

टेस्ला हे नाव विजेवर काम करणाऱ्या संशोधक निकोला टेस्लावरूनच. 1890 च्या दशकात ट्रेडवेल बंधूंनी इथे कोळसा काढायला सुरुवात केली, खाणीच्या तोंडाशीच वीज तयार करून शहरांना पुरवायची असा बेत होता म्हणून हे नाव, आणि कोळसा न्यायला स्टॉकटनपर्यंत रेल्वेही टाकली. कोळसा हलक्या प्रतीचा, पण त्याच्यासोबत झकास माती निघाली आणि त्या मातीवर दरीत खाली कार्नेगीचा विटांचा कारखाना उभा राहिला. कॉरल हॉलो रोडवर ट्रेसीकडून सहा मैल आत आलात की ऐतिहासिक स्थळाचा फलक आहे, त्यावर लिहिलंय की इथे 3,500 वस्तीचं गाव होतं, 45 भट्ट्या, 13 उंच धुराडी. आज तिथे उभं राहिलं तर पटत नाही. 1911 च्या पुरात नुकसान झालं, पैसा आधीच आटला होता, सगळं बसलं ते बसलंच. मग डोंगर मोकळे पडले आणि बाईकवाले आले, राज्याने ही जमीन 1979 मध्ये घेतली तेव्हा इथे बाईक कधीच्या फिरत होत्या.

आता टेस्लाच्या बाजूचं. ती साधारण 3,100 एकर जमीन 1990 च्या दशकात ऑफरोडच्या फंडातून, म्हणजे आपल्यासारख्यांच्याच पैशातून, पार्क वाढवायला विकत घेतली होती. वीसेक वर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या चालल्या आणि 2021 मध्ये कायदा करून ती मोटारगाड्यांविना असलेल्या पार्कसाठी ठेवली, फंडाला पैसे परत द्यायचं ठरवून. तिथली झाडं-प्राणी आणि जुन्या खाणीचे अवशेष वाचले हे मला मान्य आहे, चाकांनी ते नक्की उखडले असते. पण जाणाऱ्याला निदान आधी कळायला तरी हवं.

आता राइड. सकाळचे सोपे ट्रेल छान होते, बाकी त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका उताराबद्दल. वर चढलो ते ठीक, खाली येताना अख्खा उतार सुट्या मुरुमाचा आणि मधोमध पावसाने कापलेली गुडघाभर चर. पुढचं चाक चरीत गेलं की बाहेर येत नाही, आणि पुढचा ब्रेक दाबलात तर गेलातच. माझा मित्र तिथेच आडवा झाला, त्याला काही झालं नाही पण भाड्याच्या बाईकचा क्लच लिव्हर तुटला. परत करताना त्या एका लिव्हरचे 180 डॉलर घेतले, शिवाय 'क्लीनिंग'चे 60 वेगळे. सही करायच्या आधी नुकसानीचे दर लेखी मागा आणि बाईकचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, आम्ही काढला नाही. जमत असेल तर भाड्याची बाईक नेऊच नका, ओळखीतल्या कोणाची घ्या.

असे उतार नवख्यांनी टाळाच. उतरायचंच असेल तर आधी बाईक लावून चालत जाऊन बघा, मग पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या ब्रेकवर उतरा, नजर चरीच्या पलीकडे.

ट्रेलर असेल तर लिव्हरमोरकडून टेस्ला रोडने येऊ नका, वळणावळणाचा आहे, ट्रेसीकडून या. स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) आणि ऑफरोड नोंदणीचा स्टिकर हवाच, सायलेन्सर बदललेला असेल तर आवाज 96 डेसिबलच्या आत आहे ना ते घरीच तपासा. पाऊस झाला की बंद ठेवतात, निघायच्या आधी चौकशी करा. उन्हाळ्यात पाणी माणशी चार लिटर तरी घ्या, सावली जवळजवळ नाहीच.

परतताना रस्त्याकडेला विटेचा एक तुकडा दिसला. पिवळट, कडा अजून धारदार, एका बाजूला अंगठ्याएवढा खोलगट ठसा, कोणाचा तरी बोटाचा असावा. मी उचलून बघितला आणि होता तिथेच ठेवला. तुम्हीही ठेवा, उचलून नेणं बेकायदा आहे.