४.७ सोडून ४.५

"ताई, लोक पैसे मोजून पुढे जातात, तू मागे चाललीस."

कॉम्प्युटरमधला एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर काढून त्याजागी ५८००एक्स३डी बसवणार म्हटल्यावर धाकट्या भावाचा हा शेरा. कागदावर त्याचं चुकत नव्हतं. जुन्याचा बूस्ट, म्हणजे जोर लावून गाठायचा कमाल वेग, ४.७ गिगाहर्ट्झ, नव्याचा ४.५. बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, तर ३.८ वरून थेट ३.४. एक नोव्हेंबर २०२० चा, दुसरा एप्रिल २०२२ चा, पण कोअर (काम करणारे गाभे) दोघांतही ८, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) १६, आर्किटेक्चर (आतली रचना) तेच झेन ३, टीडीपीही (उष्णतेचा हिशोब) तोच १०५ वॉट. मोठा फरक एकच: एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबीची ९६ एमबी झालीय.

मला ही जोडी आवडते ती त्याचसाठी. एरवी दोन प्रोसेसर शेजारी ठेवले की बोर्ड वेगळा, रॅम वेगळी, कोअर वेगळे. मग कशामुळे काय झालं हे कोणी सांगावं? इथे बोर्डापासून कूलरपर्यंत सगळं तेच.

कूलरवरून आठवलं. घाईत मी तो थंड मशीनवरून सरळ वर ओढला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली. लॉकचा दांडा बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. १३३१ पिनांपैकी कडेच्या रांगेतली एक वाकली. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीचं टोक त्या पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून केसाकेसाने ती सरळ केली. खरं तर आधी दहा मिनिटं मशीनला जड काम द्यायचं, पेस्ट गरम झाली की कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवायचा आणि मगच उचलायचा. हे मला माहीत होतं. तरीही.

पहिल्या संध्याकाळचे आकडे बघून पोटात गोळा आला. माझ्या रोजच्या कामातला व्हिडिओ एक्स्पोर्ट जुन्यावर २० मिनिटांत व्हायचा. क्लॉकच्या हिशोबाने नवा चार-साडेचार टक्के मागे पडेल हे धरून होते, पण हा त्याहून बराच जास्त रेंगाळत होता. तासभर प्रोसेसरला बोल लावला. मग टास्क मॅनेजरमध्ये सहज नजर गेली: मेमरीचा, म्हणजे रॅमचा, वेग ३६०० ऐवजी २१३३ वर. नव्या प्रोसेसरसाठी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला तेव्हा एक्सएमपी प्रोफाइल (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) पुसलं गेलं होतं आणि मी ते परत लावलंच नव्हतं. गंमत अशी, की या लंगड्या अवस्थेतही फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नवाच पुढे होता.

मेमरी ३६०० वर आणून सगळं पुन्हा मोजलं, प्रत्येक चाचणी तीनदा. एक्स्पोर्टला २१ मिनिटं, म्हणजे अपेक्षेइतकाच मागे. सिम्युलेटरमध्ये दाट वस्तीच्या शहरावरून उतरताना सरासरी सेकंदाला ४१ फ्रेमवरून ५४ वर. मला सरासरीपेक्षा महत्त्वाचे वाटतात ते धक्के. धावपट्टी समोर दिसायला लागली की चित्र क्षणभर अडकायचं, नेमकं विमान सावरायच्या वेळी. ते जवळजवळ गेलंच. हेच ४के रेझोल्यूशनवर, म्हणजे खूप जास्त बारकाव्याच्या चित्रावर, मोजलं असतं तर फरक फारसा दिसला नसता, कारण तिथे ग्राफिक्स कार्डच दमतं आणि प्रोसेसर वाट बघत बसतो. कोणी फक्त ४के चे आकडे दाखवून 'दोन्ही सारखेच' म्हणत असेल तर त्याने प्रोसेसर नाही, कार्ड मोजलंय.

कॅशचं काम तसं साधं आहे. हाताशी कप्पा असतो आणि वर माळा. कप्प्यात वस्तू असली तर झालं, नसली तर शिडी लावून माळ्यावर चढायचं. रॅम म्हणजे तो माळा. सिम्युलेटरला इमारती, हवामान, इतर विमानं असं विखुरलेलं काहीबाही सतत लागतं आणि ३२ एमबीत ते मावत नाही. नव्यात ६४ एमबीची वेगळी चकती मूळ कॅशच्या वर रचली आहे, म्हणून शिडीच्या खेपा घटतात. व्हिडिओ एन्कोडिंगला लागणारा बराचसा डेटा आधीच हाताशी असतो. तिथे मोठा कप्पा रिकामाच राहतो आणि नुसता क्लॉक मोजला जातो. वर रचलेल्या त्या सिलिकॉनमुळे उष्णता बाहेर पडायलाही जड जातं आणि व्होल्टेजला मर्यादा येते. तो हरवलेला ०.२ गिगाहर्ट्झ इथे गेला. ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला, मल्टिप्लायरही (क्लॉक ठरवणारा आकडा) खुला नाही.

राहता राहिला प्रश्न: मेमरी मंद केल्यावर जुन्याचं काय झालं असतं? तो परत माझ्या बोर्डात घालायची हिंमत नव्हती. पण जुना भावाकडेच गेला होता. एका रविवारी त्याच्या मशीनवर मेमरी ३६०० वरून २१३३ वर आणली आणि तेच विमान उडवलं. कार्ड वेगळं, म्हणून माझ्या आकड्यांशी तुलना नाही, फक्त त्याचीच त्याच्याशी. घसरण चांगलीच जाणवली, नुसत्या डोळ्यांनी. माझ्याकडे दोन्ही वेगांतला फरक आकड्यांतच कळत होता, उडवताना नाही.

"असू दे," तो म्हणाला, "माझा ४.७ आहे."

त्या ४.७ ची कडेच्या रांगेतली एक पिन मी पेन्सिलीने सरळ केलीय, हे त्याला आत्ता हे वाचूनच कळेल.