ग्रासमिअरचं ते घर डोरोथीचंपण आहे

शाळेत वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता पाठ केली तेव्हा ते फूल आमच्यापैकी कोणी बघितलंही नव्हतं, कवी ढगासारखा एकटाच भटकत होता एवढंच डोक्यात बसलेलं. यंदा एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या ग्रासमिअर गावी वर्ड्सवर्थचं घर, डव्ह कॉटेज, बघून आले आणि तेव्हापासून तो 'एकटाच' शब्द काही मनातून जात नाहीये.

घर अगदी छोटं, आधी तिथे दारूचा गुत्ता होता, खालच्या खोल्या काळोख्या आणि फरशी दगडी. विल्यम आणि त्याची बहीण डोरोथी १७९९ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे ऐन थंडीत इथे राहायला आले. वर एक खोली आहे, शेकोटी नसलेली, तिथे थंडी अडवायला डोरोथीने भिंतींना चक्क वर्तमानपत्रं चिकटवली होती. मी त्या खोलीत बराच वेळ उभी राहिले. १८०२ मध्ये मेरी विल्यमशी लग्न करून आली, मग तीन मुलं इथेच झाली, पाहुण्यांची ये-जा वेगळी, एवढ्याशा जागेत ही सगळी माणसं मावली कशी!

आणि या सगळ्या धबडग्यात डोरोथी रोजची वही लिहायची. १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटर तळ्याकाठी भावाबरोबर चालताना दिसलेली फुलं तिने लिहून ठेवलीत, काही फुलं दमून दगडांवर उशीसारखी डोकी टेकून पडलीत आणि बाकीची वाऱ्यात डोलतायत, नाचतायत, असं. कविता लिहिली गेली त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या दोन ओळी, मनाच्या डोळ्यांवर फुलं चमकतात त्या, मेरीच्या आहेत, हे स्वतः वर्ड्सवर्थनेच सांगितलंय. जळवा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यावरची त्याची कविता आहे ना, तो म्हातारापण आधी डोरोथीच्या वहीत भेटतो.

मला वर्ड्सवर्थ कमी वाटायला लागला असं अजिबात नाही, उलट जास्त जवळचा वाटला. पण शाळेत कोणीतरी या वहीबद्दल सांगायला हवं होतं, खरंच.

१८०८ मध्ये त्यांनी ते घर सोडलं, पुढे रायडल माउंट नावाच्या घरी गेले. कबरी मात्र सगळ्यांच्या ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारातच. वर्ड्सवर्थ १८५० ला वारला, डोरोथी १८५५ ला. लोक त्याच्या दगडासमोर फोटो काढत होते. मी तिच्या दगडापाशी बसले.