तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर बाहेर, तरी रात्री ताजं जेवण?

‘दिवसभर घराबाहेर असता, मग रोज हंगामातलं, घरी शिजवलेलं जेवण कसं जमतं?’ हे इतक्यांनी विचारलंय, की एकदा नीट लिहूनच टाकते.

स्वयंपाक मी सकाळी करते. पंधरा मिनिटांत चिरून सगळं स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन् तास हळूहळू शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात घालायचं, बटण मंद आचेवर ठेवायचं. आठ तासांनी तयार. काय शिजवायचं हे बाजार ठरवतो. जवळपास पिकलेलं जे ढिगाने आलंय, तेच त्या आठवड्यात. मटार तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. आज तोडलेल्या शेंगेतला दाणा आणि चार दिवसांचा दाणा एकापाठोपाठ चावून बघा. ताज्या दाण्याला मीठ आणि कांदा पुरतो.

भांड्याचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो. गाजर, बटाटा, बीट यांच्या लहान फोडी तळाशी. या भांड्यात कंदमुळं मांसापेक्षाही उशिरा शिजतात. पाणी आटत नाही, तेव्हा नेहमीपेक्षा बरंच कमी घालायचं. पालक आणि मटार मी घरी आल्यावर घालते, हातपाय धुवून होईपर्यंत होतात. आणि झाकण उघडून बघायचं नाही! एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटं जास्त लागतात.

राजम्याचं मात्र मनावर घ्या. सुरुवातीला मी भिजवलेला राजमा तसाच भांड्यात घातला होता. दाणे मऊ वाटले, जेवलो, आणि रात्रभर घरातले सगळे उलट्यांनी हैराण. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर नष्ट होईलच असं नाही. आता मी तो रात्रभर भिजवते, ते पाणी टाकून देते, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळते आणि मगच भांड्यात घालते. टोमॅटो शेवटी, कारण आंबटपणामुळे दाणे लवकर मऊ होत नाहीत.

या आठवड्यात लाल भोपळा आहे. सालीसकट फोडी, दोन कांदे, लसूण, मीठ, अर्धी वाटी पाणी. काल झाकण काढलं तर साल चमच्याच्या कडेने कापली जात होती, आणि तळाशी केशरी रस्सा आपोआप दाट झाला होता.