माय-बाप व्हायला लायसन?

गाडी चालवायला लायसन लागतं, बंदुकीला लागतं, खत-औषधाचं दुकान टाकायचं तरी परवाना लागतो, मग लेकरू जन्माला घालायला का नको, असं कुणीतरी अधूनमधून म्हणतंच. विशेषतः दारू पिऊन पोराला बडवणारा बाप बघितला की लगेच. हे काही आजचं नाही, ह्यू लाफॉलेट नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८० सालीच यावर अख्खा लेख लिहिलाय आणि त्यात एक मुद्दा असाय की दत्तक घेणाऱ्याला आपण तपासतोच ना, मग बाकीच्यांना का सोडायचं.

मुद्दा बिनतोड वाटतो, खरंच. माझ्या मित्रानं दत्तकसाठी काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नाव टाकलं तर पगाराचा दाखला, मेडिकल, लग्नाला दोन वर्षं झालीत का, सगळं बघितलं, मग एक मॅडम घरी येऊन तासभर विचारपूस करून गेल्या. वहिनी म्हणल्या, भाऊजी, आता फ्रीज उघडून बघतेत की काय असं वाटायलं होतं. आणि लेकरू घरी आलं तरी पुढं दोन वर्षं दर सहा महिन्याला रिपोर्ट. तेवढ्यात शेजारी तिसरं झालं, त्यांना कुणी हूं की चूं विचारलं नाही.

पण लायसन आलं की एजंट आला. आरटीओत आठचा आकडा न काढता लायसन घेतलेले किती जण हे वाचायलेत, हात वर करा बरं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला दोन अपत्यांची अट आली तर तिसरं लेकरू भावाच्या नावावर दाखवल्याचे किस्से गावोगाव ऐकायला मिळतेत.

आणि लग्नाचं एक लायसन तर आधीपासूनच हाय की! पोरगी १८, पोरगा २१, कायदा २००६ चा. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायांची लग्नं १८ च्या आत झालेली निघाली, बीडही लई मागं नाही. आता याला माय-बापाचा नालायकपणा म्हणायचं का? दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतेत, मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. वयात आलेली पोरगी गावात कुणापाशी ठेवायची, आजीला दिसत नाही, सोबत न्यावी तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं, मग उरकून टाकतेत लग्न, आणि पुढच्या हंगामात तीच पोरगी फडात. वर्षा-दोन वर्षात बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, त्यात लेकरू. ते रडलं की ही हातातली मोळी टाकून येती, उसाच्या चिकानं काळे झालेले हात पदराला पुसती, पाचटावर बसून पाजती, आणि मुकादमानं हाळी दिली की अर्ध्यातच उठती.

घ्या हिची परीक्षा. घर नाही, दाखला नाही, वय बसत नाही, नापास!

पास कोण होईल सांगू? लातूरच्या ट्युशन एरियात पोराला खोली करून देणारा, दर रविवारी टेस्टचे मार्क विचारायलाच फोन करणारा, 'यंदा मेडिकलची नीट परीक्षा निघाली नाही तर घरी यायचं नाही' म्हणणारा बाप. कागदपत्रं एकदम टकाटक. ते पोरगं जेवलं का, झोपलं का, हे त्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून मला हे लायसन-बियसन पटत नाही. तपासायची एवढीच हौस असली तर ऊसतोड मजुरांच्या लेकरांची हंगामी वसतिगृहं तपासा. टोळ्या निघायच्या आधी ती चालू पाहिजेत, पोरींना राहायची सोय पाहिजे, दाराला कडी पाहिजे. टोळी कारखान्यावर पोचून महिना झाल्यावर उघडून काय करता, लेकरं तर गेली की ट्रॉलीत बसून.