तुम्ही विचारलंत म्हणून: एवढीशी गाडी पडद्यावर खरी कशी वाटते?

माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे बिल्डरांसाठी सोसायट्यांची मॉडेल्स करणं. सनबोर्ड, अॅक्रिलिक, लेझर कटिंग, स्पंजची झाडं. उरलेल्या वेळात मी अजून न आलेल्या काळातल्या गाड्या बनवतो. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण त्यातली एखादी उचलतो, उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, "सिनेमात अशाच वापरायचे ना? मग तिथे त्या खेळण्यासारख्या का नाही दिसत?"

बहुतेकांना वाटतं, सगळी करामत बारीकसारीक कामात आहे. ते काम लागतंच. १९७७च्या 'स्टार वॉर्स'साठी मॉडेल करणाऱ्यांनी रणगाड्यांची आणि विमानांची बाजारातली प्लास्टिक किट्स फोडून त्यांचे सुटे भाग यानांवर चिकटवले. मीही पुण्याच्या जुन्या बाजारातून बंद पडलेले प्रिंटर आणि रिमोट उचलतो. त्यांच्या पोटात असले भाग भरपूर सापडतात. त्याहून महत्त्वाचा मळ. 'थंडरबर्ड्स' या १९६५ साली सुरू झालेल्या ब्रिटिश मालिकेत डेरेक मेडिंग्ज आपली चकचकीत यानं मुद्दाम कळकट करायचे, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा काढायचे. भविष्यातली गाडी झाली तरी ती कोणीतरी वापरलेली असणार, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पण सोसायटीच्या मॉडेलात मी गॅलरीचे गज दाखवले, तरी ते मॉडेलच दिसतं. म्हणजे नुसत्या बारकाव्यांनी भागत नाही.

माझं उत्तर असं, की आकार कळतो तो वेगावरून. सोळा मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीवर यायला साधारण १.८ सेकंद घेते, एक मीटरवरून पडलेली ०.४५ सेकंद. गुरुत्वाकर्षण मॉडेलला सवलत देत नाही. त्यामुळे खऱ्याच्या एक सोळांश मापाची गाडी खड्ड्यातून गेली की टुणकन उडते आणि लगेच खाली येते, आणि आपला डोळा त्याच क्षणी ओळखतो की ही हातभर आहे. उपाय म्हणजे वेळ ताणायचा. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून सेकंदाला सिनेमाच्या नेहमीच्या २४ ऐवजी ९६ चित्रं घ्यायची आणि २४च्या गतीने दाखवायची. उसळी जड होते, गाडीला वजन येतं.

चंद्रावरची गाडी असेल तर आणखी गंमत. तिथलं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश, तेव्हा तो सहाही गणितात घ्यायचा. समजा गाडी एक बारांश मापाची आहे. बारा गुणिले सहा बहात्तर, त्याचं वर्गमूळ साडेआठाच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोनशेच्या वर चित्रं. २००९च्या 'मून' या कमी खर्चात केलेल्या सिनेमातल्या चंद्रावरच्या गाड्या मॉडेल्सच होत्या, आणि त्या पाहताना मला हेच गणित आठवतं. धूळ मात्र गणिताला दाद देत नाही. चंद्रावर हवा नाही, म्हणून चाकाने उडालेला कण सरळ कमान करून खाली येतो. आपल्या हवेत तीच धूळ घोटाळत राहते. पाणी आणि आग यांचंही तसंच, थेंब आणि ज्वाळा काही मापानुसार लहान होत नाहीत.

उडणाऱ्या यानांचा प्रश्न वेगळा. ती पडत नाहीत, पण कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो आणि मग नाक स्पष्ट, शेपूट धूसर, असं होतं. खऱ्या मोठ्या यानाचं तसं होत नाही. सगळं स्पष्ट हवं तर लेन्सचं भोक बारीक करायचं. मग प्रकाश कमी, म्हणून एकेका चित्राला बराच वेळ द्यायचा. इतक्या सावकाश हलणारा कॅमेरा माणसाच्या हाताने चालत नाही. जॉन डायक्स्ट्रा आणि मंडळींनी 'स्टार वॉर्स'साठी उभारलेली यंत्रणा कॅमेऱ्याची तीच हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत करायची. त्यामुळे एका फेरीत यान, दुसरीत त्याचे दिवे, असं वेगवेगळं चित्रित करून नंतर एकत्र करता यायचं. शिवाय शटर उघडं असतानाच कॅमेरा सरकत असल्याने हलत्या वस्तूला असते तशी किंचित धूसर रेघ चित्रात आपोआप यायची. बाहुली एकेक चित्राला हाताने सरकवली तर ती रेघ येत नाही, म्हणून ती हालचाल झटक्याझटक्याची वाटते.

१९८२च्या 'ब्लेड रनर'मधल्या उडत्या गाड्या माझ्या सगळ्यात लाडक्या. आराखडे सिड मीड यांचे, दृश्यं डग्लस ट्रम्बल यांच्या कंपनीत झालेली. दूरच्या इमारती फिकट दिसतात ते मधल्या हवेमुळे. मॉडेलच्या शहरात तेवढी हवाच नसते, म्हणून ती खोली धुराने भरायची, आणि चित्रण संपेपर्यंत धूर एकसारखा ठेवायचा. (त्या शहरातली एक इमारत म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या 'मिलेनियम फाल्कन' या यानाचं उभं केलेलं मॉडेल आहे. शोधा.)

हे ऐकून झालं की पाहुणे फोन बाहेर काढतात. फोन वाईट नाही. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे पुढचं-मागचं बरंचसं आपसूक स्पष्ट येतं. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. स्लो मोशन १२० असेल तर ती २४च्या गतीने दाखवल्यावर पाचपट संथ, म्हणजे एक पंचविसांश मापाच्या गाडीला बरोबर. २४० असेल तर एक शतांश. आणि वर उभं राहून चित्रण करू नका, फोन उलटा धरून लेन्स जमिनीलगत आणा, त्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.