पोलीस ठाण्यात कॅमेरे बसले, साठवणुकीच्या पैशांचं काय?

कोल्हापुरात राजारामपुरी असो की शाहूपुरी, पोलीस ठाण्यात तुमच्याशी कसं वागले याचा सगळ्यांत पक्का पुरावा त्याच ठाण्याच्या कॅमेऱ्यात असतो. परमवीरसिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की दारं, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे आवाजासह चित्रीकरण हवं आणि ते १८ महिने, निदान वर्षभर तरी टिकलं पाहिजे.

घोडं अडतं ते साठवणुकीपाशी. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट चित्रीकरण साठवतो असं धरलं तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. पंधरा कॅमेऱ्यांचे ३२४ जीबी. म्हणजे ४ टीबीची (४,००० जीबीची) डिस्क बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढत जातं. वर्षभरासाठी ११८ टीबी लागतील. कॅमेऱ्यांची खरेदी एकदा होते. डिस्क, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि देखभालीच्या कराराला मात्र दरवर्षी पैसे लागतात. ती तरतूद नसेल तर निकाल कागदावरच राहतो.

म्हणून तक्रार असेल तर सुरुवात माहिती अधिकाराने करू नका. तिथे उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, तोवर चित्रीकरण कधीच गेलेलं असेल. त्याच दिवशी ‘चित्रीकरण जतन करा’ असा अर्ज ठाणे प्रभारींना द्या. तारीख, आत गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ आणि कोणत्या खोलीत बसवलं होतं ते लिहा. ‘सगळं फुटेज द्या’ असा मोघम अर्ज सहज फेटाळला जातो. एक प्रत एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिसच्या आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. ठाण्यात पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मग दहा रुपयांचा माहिती अर्ज, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. तपासात अडथळा येईल म्हणून नकार आला तर तो कसा येतो हे त्यांनी दाखवायचं असतं. ३० दिवसांत पहिलं अपील करा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात मागितलं होतं. राज्याच्या २०१४ च्या कायद्याने ते विभागावर नेलं, आणि आपला विभाग पुणे. कोल्हापूरच्या माणसावर हा अन्यायच आहे. तिथे चित्रीकरणाशिवाय गेलात तर तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द, एवढंच उरतं.

सैनी निकालाने जिल्हा देखरेख समितीही नेमायला सांगितली, तिच्यावर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक असतात. त्यांना लेखी विचारा: प्रत्येक ठाण्यात आज किती दिवसांचं चित्रीकरण शिल्लक आहे, बंद कॅमेरा किती दिवसांत दुरुस्त झाला आणि वर्षभरात देखभालीवर किती रुपये खर्च झाले?